वाघाची दाढ

मल्प्याच्या मासेवाल्याची पोर, सान्निध्या तिचं नाव, वय सहा, खुर्चीत बसून भोकाड पसरत होती आणि गुरलीन तिला समजावत होती, "घाबरू नको, हा छोटा व्हॅक्यूम क्लीनर आहे." पोरीने जन्मात व्हॅक्यूम क्लीनर पाहिला नव्हता. तिच्या लेखी एका अनोळखी राक्षसाला दुसऱ्या अनोळखी राक्षसाचं नाव मिळालं, एवढंच. तिने आवाज वाढवला.

ट्रे पुसत असलेली वारिजक्का फडकं खांद्यावर टाकून पुढे आली. तिने थुंकी ओढायची ती नळी पाण्याच्या पेल्यात बुडवली. सुर्रकन पाणी गेलं.

"ही हत्तीची सोंड. तहान लागलीय तिला. तुझ्या बोटाला लावून बघू? गुदगुल्या करते हं, आधीच सांगते."

पोरीने रडता रडता एक बोट पुढे केलं. सोंडेने बोट ओढलं. रडणं अर्ध्यावर थांबलं.

"आता तुझ्या दातावरचं पाणी तिला प्यायला द्यायचं का?"

तोंड उघडलं. गुरलीनला वीस मिनिटांत जे जमलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं. ही गुरलीन लुधियान्याहून मुलांच्या दातांचं पुढचं शिक्षण घ्यायला आलेली, आवाज ढोलासारखा आणि कन्नड तीन महिन्यांची. पोर गेल्यावर वारिजक्का तिला म्हणाली, "डॉक्ट्रम्मा, पुस्तक खोटं नाही. आधी सांगा, मग दाखवा, मग करा. पण सांगायचं ते पोराच्या घरातलं पाहिजे. तुमच्या लुधियान्याच्या घरातलं इथे काय कामाचं?"

उडुपीजवळच्या एका दंत महाविद्यालयात, मुलांच्या विभागात, वारिजक्का अटेंडर होती. शिक्षण सातवी. तिच्या कामाच्या कागदावर ट्रे लावणे, हत्यारं उकळणे आणि नंबर पुकारणे एवढंच लिहिलं होतं. पोरांची तोंडं उघडणे हे त्यात कुठेच नव्हतं, आणि तिचं खरं काम तेच आहे हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे किंचाळणाऱ्या पोराच्या तोंडावर हात दाबून धरत, ते गप्प झालं की मगच काढत. पुस्तकातच होतं तसं, कुणी दुष्टपणाने करत नव्हतं. दाबायला धडधाकट हात लागे, म्हणून वारिजक्काला बोलवत. तिने हे काम दोन वेळा केलं. तिसऱ्या वेळी हात मागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "झाडू मारते, संडास धुते, हे नाही करणार. माझा हात या कामाचा नाही." नोकरी जायचीच, पण तेव्हा नव्याने लागलेल्या हेग्डे मॅडमनी त्या पोराला मांडीवर घेतलं आणि वेळ मारून नेली. आता हेग्डे मॅडम विभागाच्या प्रमुख आहेत आणि ती रीत पुस्तकातूनही गेली. वारिजक्का मात्र हे कुणाला सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "मला ट्रे लावायचाय."

तिचे स्वतःचे कायदे होते आणि ते मोडणाऱ्याला, मग तो डॉक्टर असो की आई, ती फाडून खायची. दर शनिवारी ती किनाऱ्यावरून शिंपले गोळा करून आणायची आणि काम झाल्यावर पोराला एक निवडू द्यायची. काम झाल्यावर. आधी दिला तर ती लाच, आणि लाच खाल्लेलं पोर पुढच्या वेळी दोन मागतं. शाबासकी द्यायची ती कशाबद्दल हे सांगून. नुसतं "गुड गर्ल" म्हटलं तर पोरीला वाटतं, आपला फ्रॉक छान आहे. "दहा आकडे होईपर्यंत तोंड उघडं ठेवलंस" म्हटलं की पुढच्या खेपेला बारा होतात. जी आई "गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" म्हणायची तिला तर वारिजक्का बाकावरच गाठायची. "घरी आम्हाला बागुलबुवा करता आणि इथे आणून म्हणता, घाबरू नको. मारायती, बाईसाहेब, ठरवा काय ते."

आणि पहिला कायदा, जो ती प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सुनावायची: पोराशी खोटं बोलायचं नाही. दुखणार असेल तर दुखेल म्हणायचं. पोर एकदा फसतं, मग जन्मभर कुणाला तोंड दाखवत नाही.

असं सगळं ब्रह्मज्ञान. आणि घरी काय?

घरी शेसप्पा. वारिजक्काचा नवरा, वय एक्कावन्न, बंदरावरच्या कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढायचा. अंगाने दांडगा, बोलायला फटकळ, आणि मार्नेमीला, म्हणजे दसऱ्याला, अंग रंगवून उडुपीच्या रस्त्यावर नाचणारा सगळ्यात मोठा वाघ. त्यांची पोर हर्षिणी सातव्या महिन्यात जन्मली आणि तीन आठवडे काचेच्या पेटीत होती, तेव्हा हा देवीपुढे उभा राहून म्हणाला, पोर जगू दे, मी वाघ होऊन नाचीन. लोक एक वर्षाचा नवस बोलतात, फार तर तीन. शेसप्पाच्या जिभेला ब्रेक नाही. तो म्हणाला, पंचवीस वर्षं. पोर जगली. आता बेंगळुरूच्या इस्पितळात नर्स आहे आणि बापाला फोनवरून दटावते. या मार्नेमीला पंचविसावा वाघ होता. हा एक झाला की देवीचं देणं फिटलं.

नाच तर सगळेच वाघ करतात. शेसप्पाचं नाव होतं ते मुडीसाठी. पेंढ्यात वळून बांधलेली तांदळाची मुडी, चांगली बेचाळीस किलोंची, ती हा वाघ दातांत धरून उचलायचा आणि मानेच्या एका हिसड्याने पाठीमागे भिरकावायचा. ताशे थांबायचे, बायका तोंडावर हात धरायच्या, आणि मग टाळ्यांचा कडकडाट.

मार्नेमीला महिना उरला असताना वारिजक्काला दिसलं की नवरा बर्फाचा तुकडा गालाला धरून जेवतोय.

"गालाला काय झालं?"

"मधमाशी चावली."

"कालही तिथेच चावली होती. घरच्यासारखी येते वाटतं, मारायरे?"

"तू तुझ्या पोरांचे दात बघ. माझं तोंड माझं आहे."

पण सव्वीस वर्षं दात बघितलेल्या बाईला सूज काय सांगते हे सांगावं लागत नाही. उजवीकडची खालची दाढ. आत पू धरलेला. उद्या-परवा ताप चढणार. आणि अंगात ताप असताना वाघाचा रंग चढवत नाहीत. नखशिखांत रंग लावून उन्हात दिवसभर नाचायचं, तापलेला माणूस तिथेच कोसळेल. वाघांच्या टोळीतले म्हातारे रंगाला हात लावू देणार नाहीत. म्हणजे एका दाढेपायी चोवीस वर्षांचा नवस काठाशी येऊन बुडणार. वारिजक्काने त्याच्यापुढे दातांच्या कण्या केल्या, हर्षिणीकडून फोन करवले. वाघ जागचा हलला नाही. तिथे गेलो की दाढ उपटतात, आणि दाढ गेली की मुडी गेली, एवढंच त्याचं म्हणणं.

चौथ्या दिवशी तिचा धीर सुटला आणि तिने ते केलं जे ती कुणाला करू देत नसे. म्हणाली, "आमच्या हेग्डे मॅडमना यंदा कॉलेजात वाघ नाचवायचेत. बोलणी करायला बोलावलंय तुम्हाला."

शेसप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आला. दहा वर्षांचे फोटो पिशवीत. विभागाच्या दाराशी चपला काढून, मोठ्या रुबाबात आत शिरला. समोर गुरलीन उभी, हातात आरसा, खुर्चीवरचा दिवा लावलेला, आणि तोंडभर हसून ढोलासारख्या आवाजात म्हणते, "या या, इथे बसा, फक्त बघणार आहे."

वाघाची शेळी झाली आणि शेळी पळाली. चपला तिथेच राहिल्या.

संध्याकाळी वारिजक्का त्या चपला कागदात गुंडाळून घरी आली. शेसप्पा अंगणात नारळाच्या बुंध्याला टेकून बसला होता. ओरडेल म्हणून ती तयारीने आली होती. तो ओरडला नाही.

"तूसुद्धा?" एवढंच म्हणाला.

आणि तिला आठवलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानेच हसत हसत सांगितलं होतं. आठ वर्षांचा असताना एका कंपाउंडरने "फक्त बघतो" म्हणून तोंड उघडायला लावलं आणि चौघांनी धरून चिमट्याने दाढ उपटली. तेव्हा तीही हसली होती. आज तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पदराने तोंड झाकून ती पायरीवरच बसली. दुनियेला शहाणपण शिकवलं, आणि ज्या माणसाला त्याची सगळ्यात जास्त गरज होती त्याच्याशीच खोटं बोलली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "वाघबिघ कुणी नाचवणार नव्हतं. मी थाप मारली."

त्याने कागद सोडून चपला पायाशी ठेवल्या.

"उद्या या. दातासाठीच या, दुसऱ्या कशासाठी नाही. उद्या नुसतं खुर्चीत बसायचं. तोंड उघडायचं नाही. कुणी उघडा म्हटलं तर उठून जा आणि माझ्या हातचं जेवू नका."

"किती दिवस?"

"आठ दिवस."

"आठ दिवस जेवू नको?" शेसप्पा म्हणाला. "तू कोंबडीची कोरीरोट्टी करशील आणि मी बघत बसू?" आणि दुखऱ्या गालाने थोडा हसला. तेव्हा तिला कळलं की येईल.

हेग्डे मॅडमना विचारणं मात्र भाग होतं. मोठ्या माणसांचा विभाग वरच्या मजल्यावर, आणि तिथे शेसप्पाने जिना चढायलाच नकार दिला असता. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"वारिजा, इथे चौदा वर्षांच्या आतलेच घेतो आपण. त्याचं वय?"

"कागदावर एक्कावन्न."

"आणि खुर्चीत?"

"चार."

"मग आपलाच पेशंट," मॅडम म्हणाल्या. वरच्या मजल्यावर फोन केला, परवानगी घेतली, काम गुरलीनला दिलं आणि देखरेख स्वतःकडे ठेवली. गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या, म्हणजे ताप तरी चढू नये.

पहिल्या दिवशी शेसप्पा मुलांच्या खुर्चीत बसला. पाय गुडघ्यापासून बाहेर लोंबत होते. त्याने बटण दाबून खुर्ची वर नेली, खाली नेली, पुन्हा वर नेली, छतावर चिकटवलेले मासे मोजले आणि बांगड्याचे कल्ले चुकीच्या जागी काढलेत असं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी आरसा. आधी तो त्याच्या हातात दिला, त्याने वारिजक्काच्या तोंडात बघितलं, "दोन किडलेत तुझे, आणि लोकांना शिकवतेस" म्हणाला, मग स्वतःच्या तोंडात घातला.

मग गुरलीनने त्याला खूण समजावली. दुखलं की डावा हात वर करायचा, ती थांबेल. हे पुस्तकात होतं. शेसप्पाचा विश्वास बसेना.

"मध्येच? सुई आत असली तरी?"

वारिजक्का म्हणाली, "तुम्ही टोळीचे मोठे वाघ ना? तुम्ही पंजा वर केलात की ताशे थांबतात की नाही? ही डॉक्ट्रम्मा म्हणजे तुमची ताशेवाली."

ते त्याला पटलं. खरं की खोटं हे बघायला त्याने त्या दुपारी अकरा वेळा हात वर केला. अकराही वेळा गुरलीन थांबली. बाराव्या वेळी त्याचा हात आपणहून खाली राहिला.

तिसऱ्या दिवशी सुई होती. शेजारच्या खुर्चीत सान्निध्या आली होती, दुसरा दात भरून घ्यायला. वारिजक्काने त्या दोघांच्या वेळा मुद्दाम एकत्र लावल्या होत्या; भेदरलेल्या पोराला धीट पोर दाखवायचं, हीदेखील जुनीच रीत. फक्त इथे भेदरलेलं पोर नव्वद किलोंचं होतं.

सान्निध्या त्याच्याकडे डोळे विस्फारून बघत होती. "तू पिली मामा ना? मुडीवाला वाघ?"

"हो."

"तू पण रडतोस?"

"मी कशाला रडू?"

"मग डोळ्यांत पाणी का आलंय?" आणि उत्तराची वाट न बघता पोरीने शिकवायला सुरुवात केली. "तोंड उघडायचं आणि श्वास नाकाने घ्यायचा. सोंड पाणी पिते, तिला पिऊ द्यायचं. सुई दुखते, पण पाचच आकडे. मी सहा मोजले होते." मग स्वतःच्या डॉक्टरकडे वळून तिने आ वासला आणि दाखवून दिलं.

सहा वर्षांच्या पोरीपुढे इज्जत घालवायची वाघाची तयारी नव्हती. त्याने तोंड उघडलं. गुरलीन आता कुजबुजल्यासारखं, हळू बोलायला शिकली होती. "दुखेल," ती तिच्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाली. "मुंगीपेक्षा जास्त. पाच आकडे." आणि मोजू लागली. चारवर वारिजक्काच्या मनगटाची हाडं मोडायची वेळ आली होती. पाचवर संपलं.

दाढ वरून उघडली, आत कोंडलेला पू निघाला आणि इतक्या दिवसांचा ठणका उतरला. शेसप्पा तसाच पडून राहिला. मग जड जिभेने म्हणाला, "माझा शिंपला?"

वारिजक्काने डबा पुढे धरला. त्याने पाच मिनिटं निवडून सगळ्यात मोठा घेतला, आणि सान्निध्याच्या हातातला लहान आहे हे दिसल्यावर आपला तिला देऊन तिचा स्वतः घेतला.

इथवर सगळं छान झालं. दाढ वाचणार होती, आतून साफ करून भरायची आणि नंतर वर टोपी बसवायची. पण दुसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी गुरलीनने वारिजक्काला कोपऱ्यात घेतलं.

"अक्का, या दाढेने बेचाळीस किलो उचलले तर ती उभी फुटेल. यंदा मुडी नाही. पण आत्ता सांगू नका. काम पूर्ण होऊ दे, मग सांगू. नाहीतर ते यायचेच नाहीत."

म्हणणं चुकीचं नव्हतं. काम अर्धवट राहिलं तर सूज परत येणार, ताप येणार, नवस जाणार. सगळं एका दिवसाच्या गप्प बसण्यावर येऊन ठेपलं होतं. वारिजक्का घरी गेली, भांडी घासली, एकदा घासलेली पुन्हा घासली. गप्प बसावं असं तिला फार वाटलं. ते ती कधी नाकारत नाही.

सकाळी तिने नीरदोसा त्याच्या पानात वाढला आणि सांगून टाकलं. "डॉक्ट्रम्मा म्हणते, यंदा मुडी उचलायची नाही. पुढेही उचलता येईल की नाही, ते टोपी बसल्यावर सांगेल. मी आजच सांगतेय, कारण दुपारी तुम्हाला बोलावलंय."

शेसप्पाचा हात पानावरच थांबला. "मुडी नाही, तर कशाला वाचवतेस दाढ?"

"नवस वाघाचा होता. मुडी त्यात कधीच नव्हती. मुडी तुमच्या टाळ्यांची होती."

हे जरा जास्तच लागलं. तो अर्धा दोसा टाकून उठला आणि कारखान्यात गेला.

दुपारी तीनची वेळ होती. तीन वाजले, सव्वातीन झाले. गुरलीन घड्याळाकडे बघायची आणि वारिजक्काकडे बघायची, आणि तिच्या नजरेत "मी सांगितलं होतं" असं स्वच्छ लिहिलेलं होतं. वारिजक्काने ट्रे तीन वेळा लावला. वीस पोरांची तोंडं त्या दिवशी उघडली, पण तिचं स्वतःचं मिटलेलं होतं. पावणेचारला दारात पाण्याचा ओघळ दिसला. शेसप्पा, ढोपरापर्यंत भिजलेला, बर्फाचा भुसा केसांत.

"लादी फुटली, उशीर झाला," तो म्हणाला आणि खुर्चीत जाऊन आडवा झाला. आपण होऊन तोंड उघडलं. त्या दिवशी त्याने हात एकदाही वर केला नाही.

मार्नेमीला शेसप्पाचं अंग थंडगार होतं. पहाटे रंग चढला, पिवळा, काळा, तांबडा, आणि देवीपुढे पहिलं नमन करून वाघ रस्त्यावर आले. ताशांनी देवळाभोवतीची रथबीदी दणाणून सोडली. वारिजक्का, गुरलीन आणि आदल्या दिवशी येऊन थडकलेली हर्षिणी एका दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. गुरलीन तर जागच्या जागी नाचत होती. पंजाबच्या मुलीला ताशा ऐकून स्वस्थ उभं राहता येत नाही.

मग मुडी आणून ठेवली. गर्दी शांत झाली. शेसप्पा मुडीभोवती दोनदा फिरला, वाकला, तिला हाताने नमस्कार केला आणि टोळीतल्या एका तरण्या वाघाला पुढे ढकलला.

"काय रे शेसप्पण्णा, म्हातारा झालास?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

 या माणसाने एक दुखरी दाढ बायकोपासून लपवायला मधमाशी शोधून काढली होती. आता चारचौघांत काय थाप मारतो देव जाणे.

शेसप्पाने गालात बोट घालून तोंड वासलं आणि सगळ्या रथबीदीला दाढ दाखवली. "पू झाला होता. मुलांच्या दवाखान्यात जाऊन भरून घेतलीय. डॉक्टरांनी नको म्हटलंय. तुमच्या किती किडल्यात ते बघा आधी." मग ताशेवाल्यांकडे वळून, "वाजवा रे, थांबलात काय?"

आणि तो असा नाचला की मुडीची आठवण कुणाला राहिली नाही. मुडी त्या तरण्या वाघाने दुसऱ्या प्रयत्नात उचलली. हर्षिणी हसत होती आणि रडत होती, आणि वारिजक्काला वाटलं, आपल्या आयुष्यात याहून चांगला दिवस झालेला नाही. काचेच्या पेटीतून पोर हातात दिली तो दिवससुद्धा नाही, कारण तेव्हा भीती होती.

टोपी बसवायची तारीख पुढच्या सोमवारी होती. वारिजक्काने घरी तो विषय काढलाच नाही. रविवारी रात्री तिच्या जिभेवर दोनदा आलं, दोनदा तिने गिळलं.

सोमवारी नऊ वाजता तिने विभागाचं दार उघडलं. बाकावर नेहमीची गर्दी होती, आया, रडकी पोरं, डब्यांच्या पिशव्या. मधोमध शेसप्पा बसला होता. कानामागे पिवळा रंग अजून निघालेला नव्हता. चपला दाराशी नीट जोडून ठेवलेल्या. शेजारचं एक पोर त्याच्या दंडाला धरून काहीतरी विचारत होतं आणि तो त्याला मान खाली घालून सांगत होता. बायकोकडे त्याने बघितलंही नाही. नंबर लागायचा होता.

वारिजक्का त्याच्याजवळ गेली नाही. तिने ट्रे लावला, कागद हातात घेतले आणि आधीच्या चार पोरांना नियमाने आत घेतलं. मग दारात येऊन, रोज पुकारते त्याच आवाजात, पुकारलं, "नंबर पाच. शेसप्पा. या."

"आलो," तो म्हणाला आणि उठला.